उत्तर आलं नाही तर

परवा आमच्या कॉलेजात नव्यानं लागलेले एक प्राध्यापक लायब्ररीत माझ्या टेबलापाशी आले. वर्तमानपत्र चाळता चाळता म्हणाले, "सर, ती भांडखोर बाई कोण होती हो? यन्नम का कोण. स्टाफरूममध्ये तिचं नाव निघालं की सगळे हसतात."

मी म्हणालो, "हसणाऱ्यांपैकी एकानं तरी तिच्यासारखं एखादं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलंय का, ते विचारा जाऊन."

ते चमकले आणि पेपर ठेवून निघून गेले. मी एरवी असा बोलत नाही. वळसंगसारख्या गावातून येऊन या कॉलेजात ग्रंथपाल झालो, तेव्हापासून कुणाच्या अध्यातमध्यात न पडणं हाच माझा धर्म. पण त्या दिवशी डोकं तापलं ते तापलंच. आपल्याकडं एखादी बाई खरं बोलली की ती भांडखोर ठरते आणि तिला घालवणारे हसत चहा पीत बसतात. म्हणून हे लिहितो आहे.

पद्मजा यन्नम आमच्याकडं कॉम्प्युटर विभागात शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर सत्राला नव्यानं नेमणूक, सुट्टी लागली की नाव कुठंच नाही. अशी अकरा वर्षं त्यांनी काढली. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू, वडील यंत्रमागावर चादरी विणणारे. उंची बेताची, सुती साडी आणि पायात खेळाचे बूट. आवाज मुळातच बारीक, आणि राग आला की आणखी बारीक व्हायचा. नवीन माणसाला वाटायचं, बाई नरमली. जुन्या माणसाला कळायचं, आता काही खरं नाही.

स्टाफरूममध्ये एक गृहस्थ त्यांना नेहमी म्हणायचे, "विणकराच्या घरातल्या तुम्ही, म्हणून तुम्हाला हे जाळ्याबिळ्याचं चांगलं जमतं." एकदा मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितलं, "माझे वडील चादरी विणायचे. मी पुस्तकं वाचून शिकले. मधलं नातं तुम्ही जोडू नका."

त्यांचा विषय होता डिस्ट्रिब्युटेड सॉफ्टवेअर. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बघून ते कपाटात लावायचं, एवढाच माझा संबंध. मॅडमनी मला तो विषय एका वाक्यात सांगितला होता. "एक काम अनेक मशीन मिळून करतात, एकमेकांना निरोप पाठवून. आणि निरोप कधी कधी पोचत नाही. एवढंच आहे सर. बाकी सगळं त्या न पोचलेल्या निरोपाचं शास्त्र आहे."

या विषयाचं पुस्तक चांगलं की वाईट, हे त्या कसं ठरवायच्या ते मी वर्षानुवर्षं बघितलं. प्रस्तावना वाचायच्या नाहीत. मागच्या कव्हरवरचं कौतुक तर नाहीच. आधी शेवटची सूची उघडायच्या आणि एकच गोष्ट शोधायच्या: समोरच्या मशीनकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे कितव्या पानावर आहे? ते शेवटच्या प्रकरणात दोन परिच्छेदांत उरकलेलं असलं की पुस्तक माझ्या टेबलावर परत. ते आधीपासून असलं तर पुस्तक घरी जायचं. मग त्यातला प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः टाइप करायच्या, प्रयोगशाळेतल्या तीन मशीनवर चढवायच्या, आणि तो चालू असताना मधल्या मशीनची केबल उपटायच्या.

"चालतोय की मॅडम," असं कुणी विद्यार्थी म्हणाला की त्या लगेच विचारायच्या, "कधी चालतोय?" सोलापुरात 'चालतंय की' या दोन शब्दांवर अर्धा व्यवहार उरकतो. त्या शब्दांचा त्यांना मनापासून राग होता. म्हणायच्या, "कधी चालतंय ते मला सांगू नका. कधी बंद पडतं आणि बंद पडल्यावर कुणाचं काय होतं, ते सांगा."

एकदा त्यांनी एक जाडजूड परदेशी पुस्तक दोन दिवसांत परत आणलं आणि एक पातळ, कव्हर फाटलेलं पुस्तक तिसऱ्यांदा नेलं. मी सहज विचारलं, "हे मोठं चांगलं नाही का?"

"चांगलं आहे. लेखक लई हुशार आहे. पण तो पोरांना ती हुशारीच दाखवत बसलाय. आणि हा बघा," त्यांनी पातळ पुस्तक उघडलं, "हा लिहितो की इथं मी स्वतः चुकलो होतो, आणि का चुकलो ते सांगतो. हा माणूस खोटं बोलत नाही. पोरांच्या हातात असं पुस्तक पाहिजे."

त्या दिवसापासून विषयाची खरेदी-यादी मी आधी त्यांना दाखवायला लागलो. नियमात ते बसत नव्हतं. तासिकेवरच्या शिक्षकाला यादीवर सही करायचा अधिकार नसतो. म्हणून त्या वाचायच्या आणि सही दुसऱ्याची असायची.

त्यांच्या शिकवण्याचा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे, कारण त्यांनी त्यासाठी लायब्ररीचा वाचनकक्ष मागून घेतला होता. विद्यार्थ्यांचे दोन गट दोन वर्गांत बसवले. वाचनकक्षात एका मुलीच्या हातात एकच पेन दिला. दोन्ही वर्गांनी चिठ्ठी पाठवून तो पेन मागायचा, मुलीनं चिठ्ठीनं उत्तर द्यायचं, बोलायचं नाही. चिठ्ठ्या नेण्या-आणण्याचं काम मॅडमनी स्वतःकडं घेतलं. दहा मिनिटांत दोन्ही वर्ग वाचनकक्षात घुसले आणि पेन आमचा म्हणून भांडायला लागले.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्हाला उत्तरच आलं नाही, म्हणून आम्ही परत चिठ्ठी पाठवली."

मॅडमनी पर्समधून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. "उत्तर दिलं होतं हिनं. मी वाटेत पर्समध्ये टाकलं."

"मग ही फसवणूक झाली की."

"व्हय. नेटवर्क बी असंच फसवतंय. आता सांगा, उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी काउंटरवर बसून सगळं ऐकत होतो. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या मलाही तो धडा आजपर्यंत विसरता आलेला नाही.

असं सगळं चाललं असताना कॉम्प्युटरच्या विभागप्रमुखांचं पुस्तक आलं. त्याच विषयावर. गुळगुळीत कागद, रंगीत आकृत्या, मागं लेखकाचा सुटातला फोटो. ते अभ्यासक्रमाच्या यादीत लागायचं तर विषय शिकवणाऱ्या शिक्षकाचा अभिप्राय जोडावा लागत होता. प्रमुख स्वतः लायब्ररीत आले. मॅडम नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या टेबलावर होत्या.

"यन्नम मॅडम, चार ओळी लिहून द्या. उद्या दिलं तरी चालेल."

"वाचते आणि देते सर."

"वाचायचं काय त्यात? तुम्ही तेच तर शिकवता." मग खुर्ची ओढून जवळ बसले. "पुढच्या सत्रात पूर्णवेळ जागा निघतेय. माझ्या डोक्यात तुमचंच नाव आहे. अकरा वर्षं झाली ना तुम्हाला?"

"हो सर. अकरा झाली. वाचते."

तीन आठवडे त्या वाचत होत्या. प्रयोगशाळेचे शिपाई बिराजदार मला येऊन सांगायचे, "मॅडम हितं कुणाला येऊ देत न्हाईत की. वायरी काढत्यात, लावत्यात, वहीत लिवत्यात." मी मनातून घाबरलो होतो. एका दुपारी त्यांना म्हणालोही, "मॅडम, पुस्तकं येतात आणि जातात. नोकरीचं बघा. चार बऱ्या ओळी लिहून टाका."

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "सर, यातला एकही प्रोग्रॅम दोन मशीनवर चालवून बघितलेला नाही. सगळे एकाच मशीनवर. पुस्तकाचं नाव काय आहे बघा, आणि आत काय आहे बघा. आणि हे पान. लिहिलंय की उत्तर आलं नाही तर निरोप पुन्हा पाठवावा. बस्स. पहिला निरोप पोचला असेल, काम झालं असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल, याचा पत्ताच नाही. म्हणजे तेच काम दोनदा होणार. पोरं हे वाचून बाहेर जाणार आणि खऱ्या माणसांसाठी खरे प्रोग्रॅम लिहिणार. मी बऱ्या ओळी कुठून आणू?"

त्यांचा अभिप्राय मी वाचला आहे. त्यात एकही विशेषण नव्हतं. कोणत्या पानावरचा प्रोग्रॅम, केबल कधी काढली, काय झालं, एवढंच. शेवटी लिहिलं होतं: 'उत्तर न येणे आणि काम न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पुस्तकात कुठेही सांगितलेले नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय हे विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.'

प्रमुखांनी तो कागद वाचला आणि हसले. "मॅडम, पोरांना परीक्षेत पास व्हायचंय, उपग्रह उडवायचा नाही."

"पण सर, चुकीचं आहे हे."

"चालतंय."

मॅडमचा आवाज इतका बारीक झाला की मला दोन टेबलांवरून जेमतेम ऐकू आला. "कधी चालतंय सर?"

प्रमुख उठून गेले. त्याच दुपारी दुसऱ्या एका शिक्षकाकडून अभिप्राय आला, 'अत्यंत उपयुक्त व सुबोध'. त्या शिक्षकानं पुस्तकाचं वेष्टनही फोडलेलं नव्हतं. ती प्रत मीच त्याच्या टेबलावर पाहिली होती. पुस्तक यादीत लागलं. चाळीस प्रतींची मागणी आली आणि त्यावर ग्रंथपाल म्हणून माझी सही आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण ती आहे.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं तेव्हा त्यात यन्नम हे नाव नव्हतं. कुणी त्यांना बोलावून सांगितलं नाही, पत्र दिलं नाही. त्या सकाळी नेहमीसारख्या आल्या, फलकापुढं उभ्या राहिल्या, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग माझ्याकडं येऊन नावावरची तीन पुस्तकं परत केली. मी म्हणालो, "मॅडम, काय बोलावं कळत नाही."

"बोलायला पाहिजे होतं सर तुम्ही. तेव्हा," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यांनी जुळे सोलापुरात एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर शिकवण्या सुरू केल्या. इकडं तो विषय आता प्रमुखांच्या पुस्तकावरून शिकवला जाऊ लागला. मुलं खूश होती. पुस्तकातला प्रश्न, पुस्तकातलं उत्तर.

तीनेक वर्षांनी एके दिवशी नाझनीन नावाची आमची माजी विद्यार्थिनी लायब्ररीत आली. तिला पहिल्या वर्षी मॅडमनी शिकवलं होतं, पण हा विषय येईपर्यंत मॅडम गेल्या होत्या. ती आता एका लहान कंपनीत होती आणि तिनं एका रक्तपेढीसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. रक्तपेढीची दोन केंद्रं, एक शहरात आणि एक बाहेर. दोघांनी मिळून एकच साठा बघायचा. नाझनीनचा चेहरा उतरलेला होता.

"सर, यन्नम मॅडम कुठं भेटतील?"

तिला पाणी दिलं, मग ती सांगायला लागली. एका दुर्मीळ गटाच्या दोनच पिशव्या शिल्लक होत्या. बाहेरच्या केंद्रानं एका रुग्णासाठी एक पिशवी राखून ठेवायचा निरोप पाठवला. पिशवी राखली गेली, पण तसं सांगणारं उत्तर वाटेत हरवलं. प्रोग्रॅमनं निरोप पुन्हा पाठवला आणि दुसरी पिशवीही त्याच रुग्णाच्या नावावर लागली. तासाभरानं टेंभुर्णीकडची एक बाळंतीण शहरातल्या दवाखान्यात आली, तिला तोच गट हवा होता. पडद्यावर आलं: साठा नाही. तिचा नवरा आणि भाऊ गावभर आणि गावाबाहेर फोन करत फिरले. चुकून राखलेली दुसरी पिशवी तोपर्यंत रक्तपेढीच्या शहरातल्याच फ्रिजमध्ये पडून होती. शेवटी तिथल्या एका वयस्कर तंत्रज्ञानं फ्रिज उघडून हातानं पिशव्या मोजल्या, म्हणून ती बाई वाचली.

नाझनीन रडायला लागली. मी मॅडमना फोन केला. अर्ध्या तासात त्या आल्या. पोरीजवळ बसल्या, तिचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि प्रोग्रॅम वाचला. मग विचारलं, "हे कुठून घेतलंस?"

"मॅडम, मैं किताब में था वैसाइच लिखी." तिनं मोबाइलमध्ये पानाचा फोटो दाखवला. पानावर आमच्या लायब्ररीचा शिक्का होता. माझा.

मी मान खाली घातली. मॅडमनी फोटो मोठा करून ते पान वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. पोरीला एका शब्दानं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, आधी ते दुरुस्त करू. मग रड."

तीन दिवस दोघी रक्तपेढीत बसल्या. दुरुस्ती काय केली ते मॅडमनी नंतर मला समजावून सांगितलं. प्रत्येक मागणीला स्वतःचा नंबर द्यायचा. तोच नंबर पुन्हा आला तर काम पुन्हा करायचं नाही, मागचंच उत्तर परत पाठवायचं. "एवढं एक पान त्या पुस्तकात असतं तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं.

ते पान त्यांनी स्वतःच लिहिलं. दोन पानी शुद्धिपत्र. एका पानावर स्पष्टीकरण, दुसऱ्यावर दुरुस्त केलेला प्रोग्रॅम. खाली नाव नाही, सही नाही. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पुस्तकात शुद्धिपत्र चिकटवणं हे ग्रंथपालाचं काम आहे का नाही?"

"आहे," मी म्हणालो. या वेळी मागंपुढं पाहिलं नाही. चाळीस झेरॉक्स काढल्या आणि बिराजदारांना घेऊन चाळीसच्या चाळीस प्रतींत त्याच पानाशी चिकटवल्या.

आठवड्याच्या आत प्रमुखांच्या तक्रारीवरून मला मेमो आला, 'ग्रंथालयीन साहित्याचे विद्रूपीकरण'. शुद्धिपत्रं काढून टाकायचा लेखी आदेश आला. मी लेखी उत्तर दिलं की चिकटवलेला कागद काढताना मूळ पान फाटेल, तरी फाडण्याचा आदेश स्वतंत्रपणे द्यावा. तो आला नाही. एक दिवस मी रजेवर असताना कुणीतरी ती सगळी पानं ओढून काढली. चाळीसही प्रतींत ते पान अर्धं फाटलेलं होतं. रक्तपेढीत काय झालं हे तोवर विभागातल्या सगळ्यांना माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

आणि मग गेल्या वर्षी दुसरी आवृत्ती आली. 'सुधारित व विस्तारित'. मी मॅडमना कळवलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, मला काय करायचंय. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला त्या दारात हजर.

"सुधारली असेल तर बघायला नको का?" म्हणाल्या. "चांगलं झालं असेल तर चांगलं म्हणायला पाहिजे."

बाहेरच्या माणसाला पुस्तक घरी देता येत नाही. त्या खिडकीजवळ बसून वाचायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. पान उघडंच होतं. मी वाचलं. शुद्धिपत्रातलं पहिलं पान शब्द न् शब्द तिथं छापलेलं होतं. विरामचिन्हंसुद्धा तीच. कुठं नाव नाही, आभार नाहीत.

"मॅडम, ही चोरी आहे. तुम्ही तक्रार करा. मी साक्षीला येतो. माझ्याकडं मूळ कागद आहे."

"सर, ते राहू द्या. खाली बघा."

खाली प्रोग्रॅम होता.

"मजकूर माझा घेतला. प्रोग्रॅम जुनाच ठेवला. नंबर नाही, काही नाही." त्यांचा आवाज आता जवळजवळ नव्हताच. "वर लिहिलंय असं करू नका, आणि खाली तेच केलंय. यांनी उतरवताना वाचलंसुद्धा नाही. सर, पोरं मजकूर वाचत नाहीत. प्रोग्रॅम उतरवतात."

"पण तुमचं लेखन—"

"माझं नाव घातलं नाही, बरं झालं. या पानावर माझं नाव असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

त्यांनी माझ्याकडं कोरे कागद मागितले. तिथंच बसून पुस्तकं नेमणाऱ्या अभ्यास मंडळाच्या नावे अर्ज लिहिला. पान नंबर, ओळ नंबर, केबल काढल्यावर काय होईल, रक्तपेढीत काय झालं. या वेळी खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. माझ्यापुढं धरला. मी त्याखाली सही केली, हुद्दा घातला आणि लायब्ररीचा शिक्का मारला. प्रतींवर मारतो तोच.

मी म्हणालो, "द्या, मी पोचवतो ऑफिसात."

"नको. तुम्ही दिला तर तो तुमच्या त्या मेमोच्या फाइलमध्ये जाईल."

त्या स्वतः खाली गेल्या. थोड्या वेळानं मी जिन्यावरून बघितलं. आवक-जावकच्या खिडकीपुढं त्या उभ्या होत्या. आतला क्लार्क म्हणत होता, "तिथं पेटी आहे की मॅडम, टाका तिच्यात. साहेब बघतील."

"पेटीत नाही टाकणार. आवक नंबर घाला आणि माझ्या प्रतीवर पोच द्या."

"तुम्ही आता इथल्या नाही. बाहेरच्यांना नंबर देत नाही आम्ही."

"मग तसं लिहून द्या. घेत नाही म्हणून."

क्लार्कनं खिडकी ओढून घेतली. जेवणाची सुट्टी झाली, ऑफिसातली माणसं डबे घेऊन त्यांच्या शेजारून निघून गेली. प्रमुखही गेले, दुसरीकडं बघत. मला लायब्ररी उघडी ठेवायची होती म्हणून मी वर परतलो. तासाभरानं पुन्हा जिन्यात येऊन वाकून पाहिलं. खिडकी बंदच होती. मॅडम तशाच उभ्या होत्या, भिंतीला न टेकता, दोन्ही प्रती हातात धरून.